नुसतं आडनाव लिहिलेली मतं

अण्णा आले त्या दिवशी मी त्यांना आणायला विमानतळावर गेले नव्हते. माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले होते, आणि त्यांची एकुलती एक सून जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून जपानी आकडे एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवत होती. नितीन एकटाच गेला. दोघं एस-बान या लोकल गाडीतून उतरून, बॅगा ओढत चालत घरी आले. मी दार उघडलं, वाकून नमस्कार केला, तर अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "मीनल, तू जेवलीस का?" मी जेवले नव्हते. त्यांनी दारातच बॅग उघडली, वरचा स्वेटर बाजूला केला आणि मेतकुटाचा डबा काढून माझ्या हातात दिला. "भात टाक," म्हणाले, "मी हातपाय धुऊन येतो." दुपारी तीन वाजता आम्ही तिघांनी आकड्यांचे कागद टेबलाच्या एका टोकाला सरकवून मऊ भात, मेतकूट आणि तूप खाल्लं. पुढचे तीन महिने ते कागद त्या टोकापलीकडे कधी गेले नाहीत.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि त्या वयाला अजिबात न शोभणारा थकवा अंगावर घेऊन फिरत होते. आता पन्नाशी उलटल्यावर गुडघे दुखतात, डोळे चुरचुरतात, पण तसा थकवा पुन्हा कधी आला नाही. सकाळी उठल्यावरच आधीच्या दिवसाचं काहीतरी राहिलेलं असायचं. विद्यापीठाची शिष्यवृत्ती उन्हाळ्याच्या शेवटी संपत होती. नितीनला श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नवी नोकरी मिळाली होती आणि तीही उन्हाळ्याच्या शेवटीच सुरू होत होती. घरमालकाला आम्ही क्युंडिगुंग, म्हणजे घर सोडत असल्याची नोटीस, देऊन टाकली होती. अण्णांचा व्हिसा तीन महिन्यांचा. सगळ्याच गोष्टी एका पंधरवड्यात येऊन थांबणार होत्या, आणि त्याच्या आत माझा प्रबंध बांधून प्रोफेसरबाईंच्या टेबलावर पडायला हवा होता.

पुण्याची मुलगी जर्मनीत राहून जपानच्या एका मतदारसंघावर प्रबंध का लिहीत होती, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर पाठ झालं आहे. पुण्यात निम्मं शहर कधी ना कधी जपानी शिकतं. मीही कॉलेजच्या आधी सकाळी सातच्या क्लासला जायचे. वर्गातले इंजिनियर नोकरीसाठी शिकत होते, मला ती लिपी आवडायची. पुढे एम. ए. झालं आणि इथल्या एका प्रोफेसरबाईंनी त्यांच्या प्रकल्पात घेतलं. जपानमध्ये पूर्वी एका मोठ्या मतदारसंघातून तीन-चार खासदार निवडून यायचे. मग कायदा बदलला आणि बऱ्याच जागा एक मतदारसंघ, एक खासदार अशा झाल्या. असे काही नवे मतदारसंघ जन्मापासून आजपर्यंत बारकाईने तपासायचे, प्रत्येक विद्यार्थ्याने एक, असं त्या कामाचं स्वरूप होतं. उत्तरेकडच्या एका किनारी प्रांतातला तिसऱ्या क्रमांकाचा मतदारसंघ माझ्या वाट्याला आला. आमच्या घरात त्याला 'तिसरा' म्हणायचे. नितीन ऑफिसमधून आला की बूट काढता काढता विचारायचा, "तिसरा काय म्हणतोय?" जणू शेजारी कुणी आजारी माणूस राहत होता.

तिसऱ्यात दोन माणसं महत्त्वाची होती, एक काका आणि एक पुतण्या. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. घरातही आम्ही काका आणि पुतण्या असंच म्हणायचो. काका जुन्या पद्धतीतही वर्षानुवर्षं निवडून येत होते. नवा मतदारसंघ झाल्यावर पहिल्या दोन निवडणुका त्यांनीच जिंकल्या. किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावांत त्यांचं नाव म्हणजे विषय संपला. तिसऱ्या वेळी पक्षाने सांगितलं, आता वय झालं, पुतण्याला उभं करू. काकांनी ऐकलं नाही. पुतण्या पक्षाकडून आणि काका अपक्ष, असे एकाच घरातले, एकाच आडनावाचे दोघं समोरासमोर उभे राहिले आणि पुतण्या अगदी थोडक्यात निवडून आला. माझा सगळा प्रबंध त्या 'थोडक्यात'वर उभा होता. माझं म्हणणं असं की, काकांच्या हक्काच्या गावांनीसुद्धा त्या वर्षी पुतण्याला मतं दिली, म्हणजे जुनी निष्ठा आतून, गाजावाजा न होता सुटली होती. प्रोफेसरबाईंना हे म्हणणं आवडलं होतं. एका परिषदेत मी ते मांडलं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या होत्या.

अण्णांनी दोन दिवसांत घर समजून घेतलं. फलटणला ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सासूबाई गेल्यापासून एकटे राहत, स्वतःचं स्वतः करत. इथे पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्याजवळचा पुट्सप्लान वाचायला शिकून घेतला. कोणत्या आठवड्यात कुणी जिना पुसायचा ते त्या तक्त्यावर लिहिलेलं असे. आमची पाळी आली तेव्हा मला न सांगता त्यांनी तिन्ही मजले पुसून काढले. खालच्या मजल्यावर फ्राऊ एमरिश नावाच्या बाई राहायच्या. माझ्या कुकरची शिटी झाली की त्या छताला झाडूच्या दांड्याने ठोकायच्या. अण्णा कुकर गॅसवर ठेवण्याआधी खाली जाऊन बेल वाजवायचे, तीन बोटं दाखवायचे आणि तोंडाने शिटीचा आवाज काढायचे. चार दिवसांनी ठोकणं बंद झालं. भाजणी संपली तेव्हा त्यांनी राय नावाच्या इथल्या धान्याच्या काळसर पिठात कांदा, तीळ आणि भरपूर कोथिंबीर घालून थालीपीठ लावलं. ते तव्याला असं चिकटलं की उलथन्याने खरवडून तुकडे खावे लागले, पण खमंग झालं होतं. क्वार्कच्या पांढऱ्या डब्यावर त्यांचा विशेष जीव जडला. "अगं, हा आयता चक्का आहे," म्हणत ते दर रविवारी श्रीखंड करायचे, आणि वेलदोडा कुटताना वरवंटा म्हणून माझा जपानी कोश वापरायचे, जाड कापडात गुंडाळून. तो कोश अजून माझ्याकडे आहे. मागच्या पुठ्ठ्याला नाक लावलं तर वास येतो असं मला वाटतं. माझी मुलगी म्हणते काही येत नाही.

दुपारी मात्र त्यांना काही काम नसायचं. खिडकी तिरकी उघडून ते बाल्कनीच्या दाराशी बसायचे. समोर ऑफिसांच्या काचेच्या इमारती, एक वाजता त्यांतून गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं जेवायला बाहेर पडायची आणि दोन वाजता परत आत जायची. मग पुन्हा सामसूम, मधूनमधून एस-बानचा आवाज. एके दुपारी ते म्हणाले, "मीनल, मला काहीतरी दे. बेरजा दे. मला जपानी येत नाही, पण आकडे तर आपलेच आहेत ना?"

मला खरं तर कुणाशी बोलायचं नव्हतं. पण बेरजा तपासायच्या राहिल्या होत्या हे खरंच होतं. तिसऱ्यातल्या प्रत्येक गावाचे मतमोजणीचे तक्ते मी झेरॉक्स करून मागवले होते, जाडजूड गठ्ठा होता तो. मी रकान्यांच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठीत लिहून दिलं आणि ते काम अण्णांना देऊन टाकलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं की हा माणूस तीस वर्षं निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेला आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक वेळी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून एसटीतून, जीपमधून, एकदा बैलगाडीतून पेट्या घेऊन.

"शिक्का कसला असतो यांचा?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शिक्का नाही अण्णा. मतपत्रिका कोरी असते. मतदाराने आत जाऊन उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं."

"लिहायचं?" त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांनी? म्हाताऱ्या माणसांनी पण?"

"सगळ्यांनी."

"आणि वाचता आलं नाही तर?"

"मोजणीला बसलेली माणसं ठरवतात."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग हसले. "आपल्याकडे असं असतं तर माझी निम्मी नोकरी अक्षर लावण्यात गेली असती."

त्या गठ्ठ्यावर ते आठवडाभर बसले. वहीच्या पानांवर रेघा मारून, एकेका गावाचा ताळा घालून. मी दुसऱ्या खोलीत शेवटचं प्रकरण लिहीत होते. चहाच्या वेळी ते एखादी शंका विचारायचे, मी सांगायचे. एकदा म्हणाले, "ही मतं अपूर्णांकात कशी गं? अमुक इतकी मतं आणि वर पॉइंट तीन आकडे. अर्धं माणूस मतदानाला गेलं होतं का?" मी हसले आणि नियम समजावून सांगितला. एकाच आडनावाचे दोन उमेदवार असतील आणि मतदाराने नुसतं आडनाव लिहिलं, तर ते मत बाद करत नाहीत. अशी सगळी मतं गावातल्या मोजणीत एकत्र करतात आणि पूर्ण नावाची मतं त्या दोघांना ज्या प्रमाणात पडली असतील, त्या प्रमाणात वाटून टाकतात. म्हणून अपूर्णांक येतात. माझ्या प्रबंधात हे एका तळटीपेत होतं. तीन ओळींची तळटीप.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात वही होती. आत आले नाहीत. "तुला वेळ आहे का?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजावरून मला कळलं की वेळ नसता तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघरात त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "बेरजा बरोबर आहेत," म्हणाले. "एकही चूक नाही. पण हा शेवटचा रकाना बघ. नुसत्या आडनावाची मतं. शहरात थोडी आहेत. किनाऱ्यावरच्या या गावांत बघ किती आहेत."

मी बघितलं. तो रकाना माझ्यासमोर दोन वर्षं होता. मी त्याची बेरीज कधी केली नव्हती.

"पुतण्या जितक्यानं निवडून आला," अण्णा हळू बोलत होते, गणित चुकलेल्या मुलाची वही तपासताना शाळेत बोलत असतील तसे, "त्याच्यापेक्षा ही कितीतरी जास्त आहेत. आता मला सांग, पूर्ण नाव कोण लिहील? ज्याला नव्यानं शिकवलं तो. पुतण्याची गाडी भोंगा लावून नाव ओरडत फिरत असणार ना, की पूर्ण नाव लिहा, पूर्ण नाव लिहा?"

"हो. तसा प्रचार केलाच होता त्यांनी."

"आणि नुसतं आडनाव कोण लिहील? जो इतकी वर्षं तेच लिहीत आलाय तो. म्हातारा कोळी. त्याच्या डोक्यात त्या आडनावाचा एकच माणूस. त्यानं काकाला मत दिलं असेल ना गं? पण ते वाटलं गेलं पूर्ण नाव लिहिणाऱ्यांच्या प्रमाणात. म्हणजे त्या मताचा मोठा तुकडा पुतण्याला गेला." त्यांनी चष्मा पुसला. "मला नक्की माहीत नाही. मी आपला विचारतोय. तू म्हणतेस गावं फिरली. पण गावं फिरली, का नियमानं फिरवली?"

कुकरमध्ये डाळ शिजत होती. शिटी झाली, खालून कुणी ठोकलं नाही. मी वहीकडे बघत राहिले आणि मला एवढंच वाटत होतं की त्यांनी ही वही आत नेऊन ठेवावी आणि आपण जेवायला बसावं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी नितीनला सांगितलं. तो घाईत होता, पाव कापत होता. "आल्झो, मग तळटीप मोठी कर ना," तो म्हणाला. "तीन ओळींची सहा ओळी कर."

"तळटीपेचा प्रश्न नाहीये. अख्खं चौथं प्रकरण त्याच्यावर आहे."

"पण तू जे म्हणतेस ते खोटं ठरलं का?"

"नाही. खरं आहे का खोटं, तेच आता कुणाला सांगता येणार नाही."

"मग झालं तर." तो उठला. "मीनल, प्रोफेसरबाई ते तक्ते उघडून बघणार आहेत का? नाही ना? जगात कुणी बघणार आहे का? जेमतेम महिना राहिलाय. दे आणि मोकळी हो. मला तुझ्याकडे बघवत नाही आता." हे तो रागाने म्हणाला नाही. त्यालाही झोप लागत नव्हती. पुढच्या घराचे कागद, नोकरीचे कागद, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर होतं. तो गेल्यावर मला दिसलं की त्याने पाव कापून तसाच ठेवला होता.

अण्णा आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, त्या घरात ऐकू न येणं शक्य नव्हतं. त्यांनी स्वतःचा चहा केला, माझ्यापुढेही कप ठेवला आणि समोर बसले.

"मी विचारायला नको होतं," ते म्हणाले.

"तसं नाही अण्णा."

"तसंच आहे. तुला मदत करायला गेलो आणि हे करून बसलो." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायला नाही. मग एकदम, कशाचा संबंध नसल्यासारखं सांगायला लागले. "नितीन तेव्हा दोन वर्षांचा होता. डोंगरातल्या एका वाडीवर ड्युटी होती. दोन दिवस पाठ टेकलेली नव्हती. मतदान संपल्यावर मतपत्रिकांचा हिशेब भरायचा असतो. किती आल्या, किती वापरल्या, किती उरल्या. एक कमी भरत होती. एकच. चारदा मोजलं आम्ही. खाली जीप उभी, ड्रायव्हर शिव्या घालत होता. सगळी माझ्याकडे बघत होती. मी आकडा जुळवला आणि सही केली."

"मग?"

"मग काय? काही झालं नाही. जो निवडून आला तो भरपूर मतांनी आला. मला कुणी विचारलंही नाही. घरी आलो आणि झोपलो."

 ते उठले, बशीतला थंड चहा सिंकमध्ये ओतला. "तुला दे म्हणत नाही, देऊ नको म्हणत नाही," ते पाठमोरे म्हणाले. "तुझं काम आहे. मी फक्त बेरजा केल्या."

प्रोफेसरबाईंना मी पुढच्या मंगळवारी भेटले. उंच, किडकिडीत बाई; खोलीत खिडकीपर्यंत कागद रचलेले. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मी अण्णांची वही सोबत नेली होती. मराठीत लिहिलेले रकाने त्यांना बोट ठेवून समजावले.  सगळं संपल्यावर त्या म्हणाल्या, "गेनाऊ." 'बरोबर आहे' एवढाच त्याचा अर्थ, पण तो शब्द इतक्या दमलेल्या आवाजात मी आधी ऐकला नव्हता.

"हे कुणी शोधलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी. ते प्राथमिक शिक्षक होते."

"हे तुमच्या प्रकरणापेक्षा चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण हा वेगळा प्रबंध आहे. त्यासाठी त्या गावांत जावं लागेल, म्हाताऱ्या लोकांशी बोलावं लागेल. दोन वर्षं, कमीत कमी."

"माझ्याकडे दोन वर्षं नाहीत."

"माझ्याकडेही नाहीत." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. "दुसरा मार्ग असा, की आज तुम्ही इथे फक्त कॉफी प्यायला आला होतात. आहे तो प्रबंध तुम्ही तीन आठवड्यांनी आणून द्याल. तो पास होईल. मी तो पास करेन. निर्णय तुमचा."

मी कॉफी प्यायले. खाली येऊन ट्रामच्या थांब्यावर बसले. एक ट्राम गेली, दुसरी गेली. शेजारी एक बाई लहान मुलाला केळं सोलून देत होती आणि ते मूल सालासकट मागत होतं. त्या दोघांकडे बघताना मला एकदम कळलं की मी ते प्रकरण पुन्हा एकदा वाचूसुद्धा शकणार नाही. दुरुस्त करायचं सोडा, नुसतं वाचून स्वल्पविराम तपासायचे तरी माझ्यात त्राण नव्हतं. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचं की थकवा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी परत वर गेले आणि सांगितलं की मी प्रबंध देणार नाही. प्रोफेसरबाई उभ्या राहिल्या, त्यांनी हात पुढे केला. 

नितीनला मी सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं. तो पलंगावर बसून राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे. आता निदान झोप." अण्णांना मात्र मी सांगितलं नाही. नितीनलाही बजावलं, एक शब्द बोलायचा नाही. हे ओझं डोक्यावर घेऊन ते परत फलटणला जाणार, त्या रिकाम्या घरात एकटे बसणार, हे मला सहन होत नव्हतं. तीन आठवडे मी रोज सकाळी टेबलाशी बसत होते आणि कागद पुढे ओढून खिडकीबाहेर बघत होते. अण्णा माझ्यापुढे गुपचूप चहा ठेवून जायचे. बेरजांबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. खोकी भरायला त्यांनीच सुरुवात केली. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि खोक्यांवर खडूने मराठीत लिहिलं: ताटं, डबे, थंडीचे कपडे.

त्यांना सोडायला मी गेले. एस-बानमध्ये ते खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीत फ्राऊ एमरिशनी दिलेला चॉकलेटचा डबा. फ्रँकफर्ट आलं, गाडी बदलली. विमानतळाच्या आदल्या स्टेशनवर त्यांनी विचारलं, "दिलास का गं प्रबंध?"

"दिला अण्णा," मी म्हणाले. "काल दिला."

"प्रोफेसरबाई काय म्हणाल्या?"

"चांगलं झालंय म्हणाल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "आता जरा खात जा वेळेवर." मी आतल्या रांगेपर्यंत त्यांची बॅग धरली. आत गेल्यावर ते वळून हात करतील म्हणून मी थांबले होते, पण त्यांना पट्टा काढायला लावला होता आणि ते त्यातच अडकले.

पुढे मी आणखी खोटं बोलायची तयारी ठेवली होती. निकाल लागायला वेळ लागतो, छापावं लागतं, पदवी टपालाने येते, सगळं ठरवून ठेवलं होतं. त्याची गरज कधी पडली नाही. अण्णांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. दर रविवारी फोन असायचा, पाऊस किती झाला, कोण वारलं, नातीचे दात किती आले. मला वाटलं विसरले. वयाप्रमाणे विसरले असतील, या समजुतीत मी निवांत होते. गेर्लिंगेनला मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या कामावर. अजून तेच करते. तिसऱ्याचं पुढे काय झालं ते मी कधी बघितलं नाही.

आठ वर्षांनी अण्णा गेले. सकाळी अंगणात पाणी घालताना बसले आणि उठले नाहीत. आमच्या मुलीला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या, त्यामुळे नितीन एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी फलटणहून मला फोन आला. अनोळखी आवाज. "मीनलताई ना? मी जगताप. अण्णांच्या हाताखाली शिक्षक होतो. नितीनकडून नंबर घेतला. तुम्हाला मी कधी पाहिलं नाही, पण चांगला ओळखतो."

मी म्हटलं, "अण्णा सांगत असतील."

"सांगत म्हणजे काय? इलेक्शनचं ट्रेनिंग असलं की आम्ही त्यांना मुद्दाम बोलवायचो, नव्या शिक्षकांना दोन शब्द सांगायला. दरवेळी तुमचीच गोष्ट. जपानात एक मतदारसंघ आहे, तिथं नुसतं आडनाव लिहिलेली मतं वाटून टाकतात, आणि ती खरी कुणाची हे सांगता येईना म्हणून माझ्या सुनेनं हातात आलेली डॉक्टरकी सोडली. आमच्या इथल्या पोरांना पाठ झालीय ती."

मी विचारलं, "गुरुजी, हे ते कधीपासून सांगत होते?"

"जर्मनीहून आले ना, त्याच वर्षी. दिवाळीच्या आधी ग्रामपंचायतीचं ट्रेनिंग होतं, तेव्हा पहिल्यांदा."

म्हणजे गाडीत मी "दिला" म्हटलं तेव्हाच त्यांना माहीत होतं. नितीनने सांगितलं नव्हतं, मी नंतर विचारलं. त्या संध्याकाळी मी नितीनला सांगत होते ते त्यांना ऐकू गेलं असेल, आणि पुढे तीन आठवडे चहा ठेवून जाताना त्यांनी टेबलावर कोरे कागद बघितले असतील, आणखी काय. आठ वर्षं, दर रविवारी, त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं.

जगताप गुरुजींना वाटलं फोन कट झाला. "हॅलो? ताई?"

"गुरुजी," मी म्हटलं, "ते तुम्ही समजता तसं नव्हतं. मी फार थोर काही केलं नाही. मी तेव्हा नुसती दमले होते. पार दमले होते."

"हो, तेही सांगायचे अण्णा," ते म्हणाले. "म्हणायचे, पोरगी इतकी दमली होती, इतकी दमली होती की तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि मग थांबायचे जरा. मग म्हणायचे, तरी ती उठली आणि सांगायला गेली."

आतून मुलगी हाक मारत होती, जर्मनमध्ये, खाज सुटली आहे म्हणून. मी तिला म्हटलं, आले. पण फोन खाली ठेवला नाही. गुरुजींना म्हटलं, अजून काय सांगायचे ते, सांगा.